परदेशी पाहुण्याला लग्नाला नेताय? मग आधी एवढं सांगून ठेवा

मे महिन्यात चुलतभावाचं लग्न होतं, नाशिकला गंगापूर रोडच्या लॉन्सवर, आणि मी आमच्या सातपूरच्या कंपनीत आलेल्या एका जर्मन इंजिनियरला बोलावून बसलो. मुहूर्त 12 वाजून 32 मिनिटांचा, पठ्ठ्या साडेअकराला कोट घालून हजर, आणि तिथे फक्त केटररची पोरं खुर्च्या मांडतायत. त्यामुळे पत्रिकेतली वेळ सांगूच नका, आपण निघालो की जाता जाता त्याला गाडीत घ्या. आपल्याकडे माइकवर पुढाऱ्यांचे आशीर्वाद संपल्याशिवाय मुहूर्ताला तरी कुठे घाई असते!

कपडे साधे सुती. पाहुणी असेल तर टोकदार हिल्स नको, पाणी मारलेल्या गवतात रुततात. फेटा बांधायला कोणी आलं तर गुपचूप बांधून घ्यायचा.

आता मुख्य भानगड अक्षतांची. त्या पाहुण्याला आधीच नीट समजावा, कारण ऐनवेळी वाजंत्रीत काही ऐकू येत नाही. ताटातून थोडे रंगीत तांदूळ हातात देतील, ते खायचे नाहीत (आमच्याने दोन दाणे तोंडात टाकले होते). प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी 'सावधान' आलं की चार-पाच दाणे नवरानवरीच्या दिशेने हळूच टाकायचे, बस. आमच्याने पहिल्याच सावधानला अख्खी मूठ फेकली, ती पुढच्या काकूंच्या अंबाड्यात, आणि नंतर रिकाम्या हाताने उभा. नावाला अष्टक असलं तरी आठवर थांबेल याची गॅरंटी नाही, मावशी-आत्या घरून लिहून आणलेली पण म्हणतात. 'तदेव लग्नं' ऐकू आलं की समजायचं आता शेवटचं, मग अंतरपाट निघतो, हार घालतात आणि बँड सुटतो.

हो, त्या अंतरपाटावर कुंकवाने स्वस्तिक काढलेलं असतं. जर्मन माणसाला हे आधीच सांगा, आपल्याकडे ते शुभचिन्ह आहे म्हणून. मी विसरलो आणि मग जिलबी खाताना अर्धा तास खुलासा करत बसलो.

आहेराला पाकीट, 501 ठीक, वरचा एक रुपया विसरू नका. पत्रिकेत 'आहेर आणू नये' असेल तर खरंच नेऊ नका.

पंगत असेल तर उजव्या हाताने जेवायचं, आणि नको असेल तर नुसतं 'नो थँक्यू' म्हणून चालत नाही, वाढपी तोवर मसालेभात वाढून पुढे गेलेला असतो. दोन्ही हात ताटावर आडवे धरायचे. तरी एक जिलबी पडतेच, ती खावी, पानात टाकू नये. मठ्ठा मात्र मागून घ्या.

वरातीला नाशिक ढोलच्या अगदी समोर उभं करू नका, दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये आमचा माणूस सगळ्यांना 'काय?' 'काय?' करत होता.