सागाची विरळणी पालवी फुटण्याआधी उरका

सागाची पानं गळाली आहेत. नवी पालवी फुटायच्या आत विरळणी, म्हणजे दाटीतली काही झाडं तोडून उरलेल्यांना जागा आणि पाणी मोकळं करणं, उरका. कमी पावसाच्या पट्ट्यात साग लावलेल्यांनी तर यंदा ती पुढं ढकलूच नये.

सागाला वर्षाला १२५० ते २५०० मिमी पाऊस आणि तीन ते पाच महिने कोरडे मानवतात. त्याहून कोरड्या रानातही तो तगतो, पण तिथं तो त्याच्या मुलखाच्या काठावर असतो आणि वाढ सगळी ओलीवर ठरते. हवा एक अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे पाऊस तेवढाच पडला, तरी माती आणि पानं लवकर सुकतात. १९०१पासूनच्या नोंदींत मार्च २०२२ हा तोवरचा देशातला सर्वांत तप्त मार्च ठरला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केरळातल्या जुन्या सागांची वर्षवलयं (खोडात दरवर्षी वाढणारी कडी) मोजली, तेव्हा एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागर तापून आपला पाऊस घटतो त्या स्थितीतल्या, तुटीच्या पावसाची वर्षं त्यात अरुंद वलयांनी उमटलेली दिसली. भरपूर पावसाच्या केरळात ही गत, तर आपल्या हलक्या जमिनीत काय होत असेल!

दुष्काळात वाळलेल्या ज्या बागा पाहिल्या, त्यातल्या बहुतेक दाट होत्या. २ बाय २ मीटरवर लावलं की एकरी हजार झाडं बसतात. पाचव्या वर्षाच्या सुमारास त्यातली निम्मी काढायची असतात. पण हातानं वाढवलेलं जिवंत झाड तोडवत नाही. मग ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतो, हजार झाडं पाचशेंचं पाणी वाटून घेतात, शेंडे वाळतात आणि खोडाची जाडी वर्षानुवर्षं जागच्या जागी राहते.

पहिल्या विरळणीत एकाआड एक तिरकी ओळ काढतात. हलक्या जमिनीत वयावर जाऊ नका. झाडं साधारण ८ मीटर झाली आणि शेंडे एकमेकांना भिडले की वेळ झाली. माझा ठोकताळा असा, की तोडलेल्या खुंटावर बाहेरची दोन-तीन वलयं एकदम बारीक दिसली तर उशीर झालाय. तसं असेल तर पुढची विरळणी दहाव्या वर्षाची वाट न पाहता करा.

महाराष्ट्रात साग १९६४च्या झाडतोड कायद्याच्या अनुसूचीत आहे. सातबाऱ्यावर झाडांची नोंद तपासा, वन विभागाकडे अर्ज आजच द्या. परवानगीला वेळ लागतो आणि पालवी कुणासाठी थांबत नाही. परवानगी हातात आल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका.

तोडीनंतर खुंटाला जोमदार धुमारे फुटतात. ते ठेवले तर विरळणी वाया गेली, कारण जुन्या मुळांवरचा धुमारा शेजारच्या झाडाचंच पाणी पितो. पावसाळ्यात दोन-तीनदा फिरून ते खुडा.

सुकलेल्या बागेला टॉनिक, जेल, महागडी खतं विकायला माणसं येतील. ओल नसताना खत घालून जाडी वाढत नाही. ‘पाच वर्षांत तयार साग’ म्हणून मिळणाऱ्या टिश्यूकल्चर रोपांनाही पाणी तेवढंच लागतं. तो पैसा समतल चरांवर, म्हणजे उताराला आडव्या, पाणी मुरवणाऱ्या चरांवर घाला.

बाकी कामं: जाळरेषा (वणवा आत येऊ नये म्हणून कडेनं साफ केलेला पट्टा) काढणे. वाळलेला पालापाचोळा खोडापासून दूर, चरात टाकणे. खालच्या फांद्या छाटणे. वेली कापणे. नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरायचे खड्डे आताच घेणे.

पहिल्या पावसानंतर कोवळी पानं खाणारी अळी येते. मोठ्या झाडांवर फवारणीचा खर्च करू नका, ती बहुधा पुन्हा फुटतात. तीन वर्षांच्या आतल्या रोपांवर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा: ५ किलो निंबोळी भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, १०० लिटर करावी. फवारणी संध्याकाळी, अळी लहान असतानाच.