पानांवरच्या बुरशीची जुनी पाकिटं उघडताय? या चुका टाळा

जून ते सप्टेंबर ठाण्यात हर्बेरियमची, म्हणजे सुकवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाची, कपाटं उघडायची हौस जरा आवरा. महाबळेश्वर-माथेरानच्या झाडांच्या पानांवर काजळीसारखे ठिपके पाडणारी मेलिओला ही बुरशी कोरड्या पाकिटात अनेक दशकं टिकते. खाडीकाठच्या दमट हवेत मात्र तिच्यावर दुसरीच बुरशी चढते. पानावर पांढरा-हिरवा कापूस दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. मेलिओला जिवंत पानावरच वाढते, तेव्हा सुकल्या पानावर नव्याने उगवलेलं काहीही तिचं नाही.

डांबरगोळ्या टाकल्या की काम झालं, हाही गैरसमजच. आत शिरलेली कीड त्यांना दाद देईलच असं नाही. पाकिटं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे 20 अंशांवर आठवडा-दोन आठवडे ठेवा. खरी चूक पुढे होते: बाहेर काढल्या काढल्या पिशवी उघडली, की थंड पानांवर दव धरतं. पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. ओव्हनमध्ये तापवणं तर नकोच, त्यात डीएनए खराब होतो. आणि हातमोजे घाला. जुन्या नमुन्यांना मर्क्युरिक क्लोराइड लावायची पद्धत होती.

सगळ्यात महागात पडते ती लेबल वाचण्यातली घाई. 1935च्या लेबलवर शेवटी ‘बॉम्बे’ आहे, म्हणून संगणकावर ‘मुंबई’ टाइप करून मोकळं व्हायचं? तो बहुतेकदा मुंबई इलाखा असतो. कॅसलरॉकही तेव्हा त्याच इलाख्यात होतं, आज ते कर्नाटकात आहे. अशा एका नोंदीने घाटातली बुरशी थेट समुद्रसपाटीवर येते, आणि पुढचा अभ्यासक तिच्या पसाऱ्यावरून भलतेच निष्कर्ष काढतो. उंचीचंही तसंच. अशा जुन्या लेबलवरचा 4,500 हा आकडा फुटांत असतो, म्हणजे सुमारे 1,372 मीटर. मीटर समजून नोंदवलात तर सह्याद्रीचा हिमालय होईल. ‘ठाणा जिल्हा’ असेल तर गाव नकाशावर शोधा, कारण 2014 साली पालघर वेगळा झाला. यजमान झाडाचं, म्हणजे ज्यावर बुरशी वाढली त्या झाडाचं, नाव जुनं असतं: युजेनिया जांबोलाना म्हणजे आपलं जांभूळच. पण मूळ लेबलवर खाडाखोड करू नका. नवं नाव, तुमचं नाव आणि तारीख वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा.

सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू आक्रसलेले दिसतात, कारण सुकलेला नमुना थेट पाण्यात काचपट्टीवर बसवून मोजमाप घेतलेलं असतं. आधी 3 ते 5 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये फुगू द्या. बुरशीची फळं (बीजाणू धरणारे बारीक काळे गोळे) रिकामी निघाली तर शेजारची वसाहत बघा, ब्लेडने पान खरवडत बसू नका. बुरशीचे धागे जागच्या जागी पाहायचे तर कडेच्या एका ठिपक्यावर रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या, चिमट्याने पापुद्रा अलगद सोडवा आणि डीपीएक्समध्ये (काचपट्टीवर नमुना कायमचा चिकटवणाऱ्या द्रवात) बसवा. धाग्यांवरची हायफोपोडियाची (बाजूला फुटणाऱ्या छोट्या पेशींची) मांडणी सलग दिसते. पापुद्रा फाटला, तर बहुधा थर नीट वाळलेला नसतो.

पापुद्र्यासोबत ती वसाहतही पानावरून जाते, म्हणून पाकिटावर कुठेही ‘टाइप’ (ज्या नमुन्यावरून प्रजातीला नाव दिलं तो मूळ नमुना) लिहिलेलं असेल तर नेलपॉलिशची बाटली उघडूच नका. आधी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या आजरेकर कवक संग्रहाकडे विचारणा करा.