१९७९चा ‘सेलम्स लॉट’ पुन्हा बघायचाय? मग असा बघा

सगळ्यात आधी वर्ष बघून घ्या. ह्या नावाने सर्च केलंत की २००४ची सिरीज येते, २०२४चा पिक्चर येतो, आपल्याला पाहिजे तो १९७९चा, पिशाचांवरचा दोन भागांचा टीव्ही पिक्चर, दिग्दर्शक टोबी हूपरने अमेरिकेतल्या सीबीएस चॅनेलसाठी केलेला. मग त्याची लांबी चेक करा, कारण युरोपात थिएटरला लावायला ह्याचीच कापून दोन तासांच्या आतली एक आवृत्ती काढलेली, ती आधी बघू नका. पूर्ण वाला तीन तासांच्या आसपास आहे.

एवढे तीन तास कशाला, असं बरेच जण म्हणतात, पहिला तासभर काही होतच नाही म्हणून पुढे ढकलतात. प्लीज ढकलू नका. त्या वेळात तुम्हाला गाव ओळखीचं होत असतं, जमिनीचे सौदे करणारा कोण, त्याचं लफडं कोणाच्या बायकोशी आहे, कबरी कोण खणतो, शाळेतले मास्तर कोण. आणि मग ह्यातलीच माणसं एकेक करून रात्री दुसऱ्यांच्या खिडकीशी यायला लागतात. कुठून तरी आलेल्या अनोळखी भुतापेक्षा हे कितीतरी जास्त अंगावर येतं, पण ओळख झाली असेल तरच ना! नारायण धारपांची ‘लुचाई’ ही कादंबरी वाचलेल्यांना हे लगेच समजेल, कारण हा पिक्चर स्टीफन किंगच्या ज्या १९७५च्या कादंबरीवर आहे, तिचाही आधार तीच आहे. वाचली नसेल तर आधी पिक्चर बघा, ‘लुचाई’ मागून वाचा.

आता टीव्ही. जुना पिक्चर आहे, जवळजवळ चौकोनी ४:३ फ्रेमचा, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणारच, त्या घालवायला झूम किंवा स्ट्रेच करू नका, झूम केलं की वर-खालचं कापलं जातं आणि स्ट्रेच केलं की माणसं रुंद दिसतात. पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’वर ठेवा. आणि हालचाल गुळगुळीत करणारं जे सेटिंग असतं, प्रत्येक कंपनीचं त्याला वेगळं नाव आहे, ते शोधून बंद कराच, नाहीतर सगळा पिक्चर संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसतो आणि धुक्याचे सीन तर पार बिघडतात. साउंडबार असेल तर सराउंड बंद, साधा आवाज पुरे.

मुंबईत खरा प्रॉब्लेम अंधाराचा आणि आवाजाचा. समोरच्या बिल्डिंगच्या जिन्यातली ट्यूब रात्रभर चालू, रस्त्यावरचा दिवा थेट हॉलमध्ये, आणि ह्या पिक्चरमधले रात्रीचे सीन आधीच काळोखे आहेत, त्यावर स्क्रीनमध्ये आपलंच प्रतिबिंब दिसायला लागलं तर संपलं. जाड पडदा नसेल तर खिडकीवर चादर लावा. पावसाळा टाळा, खिडकीवरच्या पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की बारीक आवाज ऐकूच येत नाहीत, आणि उन्हाळ्यात पंखा पाचवर, त्याचाही तोच त्रास. डिसेंबर-जानेवारी बेस्ट, पंखा एकवर ठेवून चालतो. फोन दुसऱ्या खोलीत.

आणि एका दमात संपवू नका. तिकडे हा १७ आणि २४ नोव्हेंबरला दाखवला, दोन्ही शनिवार, म्हणजे पहिल्या भागानंतर लोकांनी अख्खा आठवडा वाट बघितली. तुम्हीही दोन शनिवार ठेवा, जोडलेली आवृत्ती मिळाली असेल तर दीडेक तासाने थांबा. बघताना एक लक्षात येईल, दर थोड्या वेळाने टेन्शन चढतं आणि स्क्रीन काळी होते. तिथे जाहिराती असायच्या, लिहितानाच तसं लिहिलेलं असतं. पाणी प्यायला उठायचं तर तिथेच उठा, सीनच्या मध्ये पॉज करू नका.

खिडकीचा सीन मात्र नीट बघा, जमलं तर दोनदा. एका मुलाचा मेलेला लहान भाऊ त्याच्या खिडकीबाहेर धुक्यात तरंगत येतो, चेहऱ्यावर हसू, आणि काचेवर नखं घासतो. बस एवढंच, ना रक्त ना किंचाळी. तरंगणाऱ्या मुलाला तारांवर लटकवलं नव्हतं, मागून क्रेनच्या दांड्यावर धरलं होतं, म्हणून तो झोका खाल्ल्यासारखा हलत नाही, आणि सीन उलटा शूट करून सुलटा दाखवलाय. दुसऱ्यांदा फक्त धुराकडे बघा, तो पसरायच्या ऐवजी आत खेचला जातो, आणि पहिल्यांदा आपल्याला जे काहीतरी विचित्र वाटलं होतं ते कुठून आलं ते कळतं.

बार्लो, म्हणजे मुख्य पिशाच, पुस्तकात चांगला बोलतो, इथे एक शब्द नाही. बोलण्याचं सगळं काम त्याच्या माणसाचं, स्ट्रेकरचं, तो जेम्स मेसनने केलाय आणि किती शांतपणे, किती सभ्यपणे केलाय, त्याचा आवाज ऐकण्यासाठी सबटायटल बंद करून बघा एखादा सीन. बार्लोचा टकला निळसर चेहरा आणि उंदरासारखे दात १९२२च्या मूकपट ‘नोस्फेरातू’वरून घेतलेत, रेजी नाल्डरने तो रोल केलाय. तो स्वयंपाकघरात येतो तो सीन माझ्या मते खिडकीच्या सीनच्या तोडीचा आहे, जमिनीवर आधी नुसतं काळं गाठोडं, आणि मग ते उभं राहतं. घाबरणारी लहान मुलं घरात असतील तर ती झोपल्यावरच लावा.

हे सगळं झालं की मग ती छोटी थिएटर वाली आवृत्ती काढा, तुलनेसाठी. बायकोचं लफडं पकडणारा नवरा बंदूक घेऊन येतो तो सीन दोन्हीकडे वेगळा आहे, टीव्हीवर नळी समोरच्याच्या चेहऱ्यासमोर, थिएटरमध्ये थेट तोंडात. मला टीव्ही वाला जास्त आवडतो, त्यात त्या माणसाचा घाबरलेला चेहरा पूर्ण दिसतो.