पहिलीचं वाचन: अक्षरगटापासून सुरुवात
‘अ’ ते ‘ज्ञ’ पाठ होईपर्यंत शब्दांसाठी थांबू नका. पहिल्या गटात म, क, न, ल, र आणि काना एवढंच घ्या. कान, नाक, मका, लाल, काम हे शब्द लगेच तयार होतात. आधी तोंडी खेळ (‘नाक’मधला शेवटचा आवाज कोणता?), मग अक्षरकार्डं जुळवणं, मग पाटीवर लेखन.

‘क ला काना का’ असं म्हणवून घेऊ नका. मूल त्यातच अडकतं आणि शब्दाचा अर्थ निसटतो. थेट ‘का’ म्हणा.

पहिली वेलांटी दुसऱ्या वेलांटीनंतर शिकवा. ती लिहायची अक्षराआधी, उच्चारायची नंतर; ‘दिवा’ वाचताना मुलं तिथेच गोंधळतात.

‘कान’ऐवजी ‘कन’ लिहिलं, तर लाल फुली नकोच. दोन्ही कार्डं शेजारी ठेवून मोठ्याने वाचायला लावा. काना कुठे राहिला ते मुलाला स्वतःलाच ऐकू येतं.