अर्बन डिझाइनला ॲडमिशन घेतलीय? आधी चपला झिजवा

पहिल्या सेमिस्टरला मी नेरुळच्या खाडीकडेला असला भारी प्रोमेनाड, म्हणजे पाण्याकाठची फिरायची वाट, काढला होता की विचारू नका, पायऱ्या थेट पाण्यात, बाकडी, खाऊचे स्टॉल, सगळं. सरांनी शीट बघितली आणि एवढंच विचारलं, "ओहोटीला गेलीयेस का तिथे?" कसली जाते, सॅटेलाइट फोटोवर बसून काढलेलं सगळं. त्या रविवारी गेले तर पाणी कुठेतरी लांब आणि पुढ्यात नुसता चिखल नि तिवरं. माझे फूड स्टॉल बरोब्बर चिखलात.

म्हणून नवीन पोरापोरींना सांगते, सॉफ्टवेअर येतं हळूहळू, आधी चाला.

सुरुवात ठाण्यातून करा. स्टेशनवरून जांभळी नाक्याच्या बाजारातून चालत गेलं की मासुंदा, आपली तलावपाळी. जवळ कौपिनेश्वर, काठावर गडकरी रंगायतन, म्हणजे कोणी भाजी घ्यायला निघालंय, कोणी देवळात, कोणी नाटकाला, आणि मुद्दाम तलाव बघायला न येताही सगळ्यांची वाट काठावरूनच जाते, तिथला कठडा बसायला आहे की टेकायला ते स्वतः बसून बघा. मग दुसऱ्या दिवशी वाशी ते बेलापूर पाम बीच रोडने चाला. गाडीतून मस्त वाटतो, पायी गेलात की कळतं, खाडी शेजारीच आहे पण मध्ये सुसाट ट्रॅफिक, आणि ओलांडायचं कुठून हेच शोधत बसायचं. (उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका, मी गेले, दोन दिवस झोपून होते.)

नेरुळला ज्वेल ऑफ नवी मुंबई या बागेत लोक जॉगिंग करतात तो तलाव शोभेचा नाहीये, तो धारण तलाव आहे, हे मला त्या फजितीनंतर कळलं. 1970 ला सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली, शहर वसवलं, पण बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली. म्हणून भरती आली की खाडीकडची झडप बंद, पावसाचं पाणी या तलावात साठतं, ओहोटी लागली की झडप उघडून खाडीत जातं. असल्या जागेवर काही काढायचं तर आधी हे माहीत पाहिजे ना!

बेलापूर सेक्टर 8 मधली आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत तर टेप घेऊनच बघा. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी 80 च्या दशकात केलेली, साधारण 8 बाय 8 मीटरच्या चौकाभोवती सात घरं, भिंतीला भिंत लागत नाही म्हणजे ज्याला त्याला घर वाढवता यावं. आणि वाढवलंयच, कुठे मूळचं उतरतं कौलारू छप्पर, शेजारी टाइल्स लावलेला तीन मजली बंगला. मी चौक मोजत होते तर एक काकू बाहेर आल्या, "काय गं, महानगरपालिकेतून आलीस का?" नाही म्हटल्यावर चहा मिळाला आणि चौकात गाडी कोणाची लागते यावरून झालेली भांडणंही कळली, हे कुठल्या प्लॅनमध्ये मिळणार.

भरतीची वेळ दिवाळे गावातल्या एका कोळी काकांनी शिकवली. अमावस्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास पाणी भरतं, मग रोज पाऊण तास पुढे. ॲप आहेतच, पण मी अजून आधी कालनिर्णय बघते.