ट्रक-बस चालकाने कामाच्या तासांचा हिशेब कसा ठेवावा

ट्रक आणि बस चालकांसाठी असलेले सुरक्षेचे कायदे म्हटले की परवाना, वजन आणि वेग यांचीच चर्चा जास्त होते, आणि कामाच्या तासांचे नियम मागे पडतात. ताशी ८० किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते; म्हणजे चालकाला चार सेकंदांची डुलकी लागली, तर जवळजवळ ९० मीटर गाडी कोणाच्याही ताब्यात नसते. म्हणून तासांचा हिशेब प्रत्येक चालकाला स्वतः मांडता आलाच पाहिजे, तो मालकावर सोडू नये, असे मला मनापासून वाटते.

सर्वप्रथम, आपल्याला लागू असलेला कायदा नेमके काय मोजतो हे पाहावे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७९ च्या १५३ क्रमांकाच्या करारात सलग ४ तासांनंतर विश्रांती, दिवसाला जास्तीत जास्त ९ तास आणि आठवड्याला ४८ तास चालन, आणि रोज किमान १० तासांची सलग विश्रांती असे प्रमाण ठरवले आहे. युरोपीय संघात साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटे थांबावेच लागते, आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून ९० तासांपेक्षा जास्त चालन करता येत नाही. भारतात १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, पण ती चालनाची नव्हे, कामाची होती. हा फरक नीट समजून घ्यावा, कारण माल भरणे, ताडपत्री बांधणे, टायर बदलणे हेसुद्धा कामच आहे.

अमेरिकेत मालवाहू गाडीच्या चालकासाठी हे दोन्ही हिशेब एकाच वेळी चालू असतात. सलग १० तास विश्रांती घेऊन आलेल्या चालकाला ११ तास गाडी चालवता येते, परंतु कामावर हजर झाल्यापासून १४ तास पूर्ण झाले की पुढे चालवता येत नाही. समजा, चालक पहाटे ५ वाजता हजर झाला आणि माल भरायला उशीर झाल्यामुळे १० वाजता निघाला. त्याचे १४ तास संध्याकाळी ७ वाजता संपतात. आठ तास चालवल्यावर अर्ध्या तासाचा थांबा सक्तीचा असल्यामुळे हाती साडेआठच तास उरतात, आणि कागदावरचे ११ तास कागदावरच राहतात. माल भरण्यात गेलेला वेळ पुढे रस्त्यावर भरून काढण्याच्या नादातच वेग वाढतो आणि थांबे गळतात. प्रवासी बससाठी तेथील मर्यादा वेगळी आहे: ८ तासांच्या विश्रांतीनंतर १० तास चालन.

यावरून फेरीची आखणी उलट बाजूने करावी हे उघड आहे. आधी गाडी किती वाजता उभी राहिलीच पाहिजे ते लिहावे, मग थांब्याची जागा ठरवावी आणि त्यानंतरच पोहोचण्याची वेळ सांगावी. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत झोपेचा जोर सर्वाधिक असतो, त्यामुळे लांबचा टप्पा शक्यतो त्या वेळेत घेऊ नये. थांब्यात टायर तपासणे किंवा मालाची कागदपत्रे पुरी करणे म्हणजे विश्रांती नव्हे. युरोपीय नियमांत तर थांब्याच्या काळात दुसरे कोणतेही काम करण्यास मनाई आहे.

निघण्यापूर्वीच्या तपासणीत दिवे, टायर, आरसे आणि बसमधील संकटकालीन दरवाजा हे सर्व पाहावेच, पण हवेच्या ब्रेकला वेगळा वेळ द्यावा. सपाट जागी चाकांना ठोकळे लावून टाकीत पूर्ण हवा भरू द्यावी, इंजिन बंद करावे, किल्ली चालू स्थितीत ठेवावी, हातब्रेक सोडावा आणि ब्रेकचे पायडल पूर्ण दाबून एक मिनिट हवेच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवावी. अमेरिकेतील चालक परवान्याच्या परीक्षेत एकट्या गाडीसाठी या मिनिटात दाबात दर चौरस इंचाला ३ पाउंडांपेक्षा आणि ट्रेलर जोडलेला असल्यास ४ पाउंडांपेक्षा जास्त घट चालत नाही. त्यानंतर पायडल पुन्हा पुन्हा दाबून हवा कमी करावी. दाब साधारण ६० पाउंडांपर्यंत उतरण्याआधी इशाऱ्याचा दिवा किंवा भोंगा सुरू झालाच पाहिजे. तो सुरू झाला नाही, तर गाडी बाहेर काढू नये.

मालक किंवा माल पाठवणारा तास मोडण्याचा आग्रह धरत असेल, तर फोनवर वाद घालत बसण्यापेक्षा संदेश लिहून पाठवावा: किती वाजता हजर झालो, किती वाजता माल भरून झाला, नियमानुसार किती वाजता थांबणार आहे. अमेरिकेत चालकावर असा दबाव आणण्यास २०१६ पासून स्पष्ट बंदी आहे, आणि युरोपीय संघात रस्त्यावरील सुरक्षा धोक्यात येईल अशा रीतीने अंतरावर बक्षीस देण्यास मनाई आहे. नोंदवही किंवा यंत्रातील नोंद त्याच वेळी करावी. रात्री आठवून भरलेली नोंद सहसा चुकतेच. गाडीत आढळलेला दोषही त्याच पानावर वेळेसह लिहावा आणि किल्ली देताना पुढच्या चालकाला ते पान दाखवावे.