ग्रामीण काउंटीत जागा घेताय? पुराच्या बाबतीत या चुका टाळा

अमेरिकेत शहर सोडून गावाकडच्या एखाद्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) पाच-दहा एकर घ्यावेत, असं मनात असलेली बरीच मराठी कुटुंबं माझ्या ओळखीत आहेत. आम्हीही त्यातलेच. जागा बघताना जो तो एकच प्रश्न विचारतो, “फ्लड झोनमध्ये आहे का?” “नाही” म्हटलं की विषय संपला. आम्हीही आधी असंच करायचो. म्हणून हे कळकळीने लिहितोय.

“झोन एक्स आहे, म्हणजे पूर येत नाही”

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फेमाच्या (अमेरिकेची केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था) पूरनकाशावर ‘ए’ने सुरू होणारे झोन (आणि समुद्रकिनारी ‘व्ही’चे) म्हणजे दर वर्षी पूर येण्याची शक्यता किमान 1 टक्का. त्याबाहेरचा बहुतेक भाग एक्समध्ये जातो. एक्स म्हणजे शक्यता कमी, एवढंच. 2014 ते 2018 या काळात राष्ट्रीय पूर विमा योजनेकडे आलेल्या क्लेमपैकी 40 टक्क्यांहून जास्त क्लेम या जास्त धोक्याच्या झोनबाहेरचे होते.

ग्रामीण भागात तर याकडे जास्तच लक्ष द्यायला हवं. नकाशासाठी नदीचा अभ्यास करायला पैसा लागतो आणि तो जिथे वस्ती दाट तिथे आधी जातो. ज्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र एक चौरस मैलाहून कमी, त्याचा पूर सहसा नकाशावर आखलेलाच नसतो. म्हणजे उन्हाळ्यात कोरडा ठाक पडणारा तुमच्या जागेतला ओढा एक्समध्ये दिसतो, तो कुणी तपासून सुरक्षित ठरवला म्हणून नव्हे, तर बहुधा कुणी मोजलाच नाही म्हणून. वरच्या अंगाचं धरण फुटलं तर येणारं पाणी, मुसळधार पावसात सखल जागी तुंबणारं पाणी, हेही या झोनमध्ये धरलेलं नसतं. आणि नकाशावर ‘डी’ असेल तर तिथल्या धोक्याचा अभ्यासच झालेला नाही.

‘ए’ आणि ‘एई’ एकच समजणं

एई झोनमध्ये सविस्तर अभ्यास झालेला असतो. 1 टक्क्याच्या पुराचं पाणी किती उंचीपर्यंत चढेल, तो आकडा नकाशावर फुटांत दिलेला असतो. नुसत्या ए झोनमध्ये सीमा ढोबळमानाने आखलेली असते आणि उंचीचा आकडा नसतो. ग्रामीण काउंट्यांमध्ये असा नुसता ए भरपूर सापडतो. मग काही जण चांगली जागा उगाच सोडून देतात, तर काही जण अंदाजपंचे जोतं उचलून घर बांधतात.

दोन्ही टाळता येतं. काउंटीच्या कार्यालयात पूरक्षेत्राचं काम बघणारा एक अधिकारी असतो. छोट्या काउंटीत बांधकाम परवाने देणारा माणूसच बरेचदा हेही सांभाळतो. त्याला गाठा आणि तीन गोष्टी विचारा: या ओढ्याची पूरपातळी कुणी काढली आहे का, या घराचं उंचीचं प्रमाणपत्र (घर आणि जमीन किती उंचीवर आहे, ते मोजून दिलेला कागद) फायलीत आहे का, आणि नवा नकाशा येऊ घातलाय का? प्रमाणपत्र नसेल तर परवानाधारक सर्व्हेअरकडून उंची मोजून घ्या. घराला लागून असलेली सर्वांत खालची जमीनसुद्धा पूरपातळीइतकी किंवा तिच्याहून उंच निघाली, तर नकाशात दुरुस्ती करणारं पत्र फेमाकडे मागता येतं. फेमा अशा अर्जाला शुल्क घेत नाही, खर्च होतो तो सर्व्हेअरचा. पत्र मिळालं की पूरविम्याची सरकारी सक्ती उठते. मी मात्र तरीही विमा ठेवेन.

“शंभर वर्षांचा पूर नुकताच येऊन गेला”

म्हणजे आता शंभर वर्षं निवांत, असं नाही. ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे वर सांगितलेला 1 टक्क्याचाच पूर, आणि ती शक्यता दर वर्षी नव्याने असते. 30 वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात एकदा तरी तसा पूर येण्याची शक्यता साधारण 26 टक्के भरते.

नकाशा बघितला, जमीन बघितली नाही

आम्ही एक जागा जवळजवळ पक्की केली होती. नकाशावर एक्स, आणि एजंटही म्हणाला, “इथे पाणी येत नाही.” बायको ओढ्याच्या बाजूला चालत गेली आणि तिने हाक मारली. तारेच्या कुंपणात वाळलेलं गवत, मक्याची धाटं आणि प्लास्टिकची एक चिंधी अडकली होती, माझ्या कमरेच्या उंचीवर. सगळं एकाच दिशेला विंचरल्यासारखं. मागच्या बार्नच्या फळ्यांवर गुडघ्याएवढ्या उंचीवर तपकिरी रेघ होती, खाली वाळलेला चिखल, वर स्वच्छ लाकूड. शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं, तर पूल कोणकोणत्या वर्षी पाण्याखाली गेला ते त्याला तोंडपाठ होतं. आम्ही ती जागा सोडली.

तेव्हा कुंपण, झाडांची खोडं, शेडच्या भिंती बघाच. रस्त्याखालची मोरीही बघा. फांद्यांनी बुजलेली मोरी म्हणजे छोटा बांधच. आणि घरापर्यंतची वाट बघायला विसरू नका. घर टेकडावर कोरडं, पण वाट ओढ्यातून जाते, अशा घरी रुग्णवाहिका पोचणार कशी? फूटभर वाहतं पाणी बऱ्याच गाड्या ढकलून नेतं आणि दोन फूट पाणी जवळपास कुठलीही गाडी. पाणी चढायला वेळही लागत नाही. 4 जुलै 2025 च्या पहाटे टेक्ससच्या कर (Kerr) काउंटीत ग्वाडालूप नदी सुमारे 45 मिनिटांत 26 फूट चढली. म्हणून हवामानाचा इशारा वाजवून रात्री जाग आणणारा वेदर रेडिओ घरात हवाच, मोबाइलची रेंज नसते तिथे तर नक्कीच.

विम्याचं “बघू पुढे”

घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेला नसतो. पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि राष्ट्रीय योजनेत तो साधारणपणे 30 दिवसांनी लागू होतो, त्यामुळे वादळाची बातमी ऐकून धावाधाव करून काही उपयोग नाही. घरासाठी कमाल अडीच लाख डॉलर आणि आतल्या सामानासाठी एक लाख डॉलर मिळतात. सामानाचं संरक्षण वेगळं मागावं लागतं, ते बऱ्याच जणांकडून राहून जातं. त्याआधी काउंटी या योजनेत सामील आहे ना, ते विचारा. नसेल तर हा विमा मिळतच नाही.

“आपलीच जमीन, परवाना कशाला?”

जास्त धोक्याच्या झोनमध्ये भराव टाकणं, शेड उभारणं, मोबाइल होम आणून ठेवणं, सगळ्याला काउंटीचा परवाना लागतो. नदीच्या मुख्य प्रवाहमार्गात तर पूरपातळी वाढणार नाही, असं इंजिनिअरने लिहून द्यावं लागतं. तुमच्या भरावाने वळलेलं पाणी शेजाऱ्याच्या घरात शिरतं.

विकणाऱ्याकडून कागद न मागणं

पूर्वी आलेल्या पुराची माहिती द्यायची सक्ती प्रत्येक राज्यात सारखी नाही. त्या घरावर पूरविम्याचे किती क्लेम झाले, ही नोंद फेमाकडे असते, पण ती सध्याच्या मालकालाच मिळते. व्यवहाराआधीच मालकाला ती मागवायला लावा आणि कागद हातात आल्याशिवाय सही करू नका.